पोटातले जुने भाडेकरू

दुधाचं दही लागेपर्यंत मी एकदा एक अख्खी बस, ड्रायव्हर-कंडक्टरसकट, सरकारी नाक्यावर थांबवून धरली होती. नाही ना पटत? कुणालाच पटत नाही. आजवर ज्यांना ज्यांना ही हकीकत सांगितली त्यांतल्या निम्म्यांनी विषय बदलला आणि उरलेल्यांनी चहा मागितला. पण त्यात माझा काय दोष? घडलेलं जसंच्या तसं सांगणारी माणसंच आता राहिली नाहीत, त्यामुळे खरं समोर आलं तरी लोकांना ते ओळखू येत नाही.

परवा ती पुन्हा सांगावी लागली ती थोरल्या नातीमुळे. ती डॉक्टरकी शिकते. सुट्टीला आली ती अंगठ्याएवढ्या बाटल्यांचं एक खोकं घेऊन, आणि आल्या आल्या फ्रिजमधल्या माझ्या लोणच्याला मागे ढकलून तिनं त्या ओळीनं मांडल्या.

"आजोबा, हे प्रोबायोटिक. रोज एक प्यायची. एकेका बाटलीत अब्जावधी चांगले जंतू आहेत. पचनाला बरे, प्रतिकारशक्तीलाही मदत करतात. आता तर म्हणतात की मनाच्या तब्येतीचंही पोटाशी काहीतरी नातं असावं. अजून अभ्यास चालू आहे."

"तुमचा चालू असेल," मी म्हणालो. "आमचा केव्हाच संपला. नाक्यावर."

"झालं सुरू," स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला.

ही मटार सोलायचं पातेलं घेऊन बाहेर येऊन बसली. तिला गोष्ट पाठ आहे, तरी येऊन बसते. मी कुठे काय वाढवतो यावर तिचं लक्ष असतं. धाकटा नातू सतरंजीवर पालथा पडला. आणि कोपऱ्यात, खिडकीजवळच्या आरामखुर्चीत आत्या होती. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. तिचं वय इतकं झालंय की आता ते सांगायलाही ती लाजत नाही. दुपारी कानातलं यंत्र काढून ठेवते आणि तोंड जरासं उघडं टाकून झोपते. मी ही गोष्ट नेहमी दुपारीच सांगतो. कारण एवढंच की दुपारी माझी स्मरणशक्ती चांगली चालते.

तर माझे वडील घरभाड्याच्या कचेरीत होते. मालक आणि भाडेकरू यांची भांडणं ऐकण्यात त्यांचा जन्म गेला. गळणारं छप्पर, सामाईक जिना, कोणाचा नळ आधी, कोणाची कुंडी कोणाच्या कठड्यावर, हे सगळं त्यांनी तिथं ऐकलं आणि न्यायही दिला. याचा परिणाम असा झाला की जगात त्यांना दोनच जातीचे प्राणी दिसत. रस्त्यानं जाणाऱ्या परक्या माणसाकडे बघून ते म्हणत, "हा भाडेकरू. चालण्यावरून कळतं. मालक असा कडेकडेनं चालत नाही." माझ्या आईला ते मालक समजत. आई गेली आणि ते आपल्याच घरात कडेकडेनं चालायला लागले.

त्या साली बाबांच्या छातीत कफ झाला. ताप हटेना. डॉक्टरांनी जालीम औषध दिलं, मग त्याहून जालीम दिलं. ताप गेला, पण जाताना त्यांची भूकही घेऊन गेला. पोट बिघडलं ते बिघडलंच. घास तोंडापर्यंत आला की मान फिरवत. पट्ट्याला खिळ्यानं नवी भोकं पाडून पाडून शेवटी पट्ट्याचं टोक पाठीमागे जायला लागलं. त्यांचे बूट पलंगाखाली होते. रोज संध्याकाळी ते बूट घालून चौकापर्यंत जाणारा माणूस. आता बुटांवर धूळ बसली होती. ही ती पुसायची आणि दोन दिवसांत पुन्हा बसायची.

डॉक्टर म्हणजे आमच्या चौकातले गलेलठ्ठ डॉक्टर. ते पलंगावर बसले की पेशंट आपोआप त्यांच्या दिशेनं घरंगळत जायचा, त्यामुळे तपासायला सोपं पडे. त्यांनी बाबांना समजावलं, "हे बघा, आपल्या आतड्यात जंतूंची मोठी वस्ती असते. चांगले असतात ते. अन्न पचवायला हातभार लावतात, वाइटांना जागा मिळू देत नाहीत. औषधानं वाइटांना हाकललं, पण त्यांच्याबरोबर चांगलेही गेले."

बाबा कितीतरी दिवसांनी उशी सोडून उठून बसले. "नोटीस दिली होती?"

"कोणाला?"

"चांगल्यांना. इतक्या वर्षांचे भाडेकरू. कधी तक्रार नाही, कधी दंगा नाही, आणि एका रात्रीत सामान रस्त्यावर? माझ्या कचेरीत आला असतात तर मी तुम्हाला उभंसुद्धा केलं नसतं."

डॉक्टरांनी घाईघाईनं बॅगेतून कॅप्सूलची पट्टी काढली. "यात तेच जंतू आहेत. कोट्यवधी. नव्यानं वस्ती होईल."

"कुठले आहेत?"

"कारखान्यातले."

"आधी कुठं राहत होते? ती जागा का सोडली? ओळख कोणाची?"

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी कॅलेंडरकडे बघायला लागलो.

"ओळखीशिवाय मी कधी कोणाला खोली मिळू दिली नाही," बाबा म्हणाले आणि पुन्हा उशीवर टेकले. "पोट कसं देऊ?"

दारापर्यंत पोचवायला गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, "दही देऊन बघा. घरी लावलेलं, ताजं. छातीठोक काही सांगत नाही, पण पुष्कळांना बरं वाटतं. निदान त्या निमित्तानं चार घास जातील. जायला हवेत हो. नाही गेले तर..." त्यांनी बॅगेची कडी दोनदा लावून बघितली आणि जिना उतरले.

आता घरी दही लावायचं म्हणजे विरजण हवं, जुन्या दह्यातलं चमचाभर. आई गेल्यापासून आमच्याकडे दही विकतचं येत होतं. बाबा त्याला 'कागदी पुड्यातलं' म्हणून हात लावत नसत. हिनं शेजारी विरजण मागितलं, आणि शेजारी काही मागणं म्हणजे काय असतं ते ज्यानं मागितलंय त्यालाच ठाऊक. संध्याकाळपर्यंत आमच्या बैठकीत बाबांच्या पोटावर परिसंवाद भरला. तळमजल्यावर एक गृहस्थ राहत. त्यांना सगळंच माहीत असल्यामुळे आम्ही त्यांना सर्वज्ञ म्हणायचो. ते म्हणाले, दही उत्तरेकडे तोंड करून लावावं. दह्याला तोंड कुठून आणायचं ते त्यांनी सांगितलं नाही. वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, त्यांच्या विरजणाची सर कोणाला नाही, त्यांच्या घरात पोट दुखलं असं आजवर कोणी म्हटलेलं नाही. हे खरं होतं. त्यांच्या घरात काही म्हणायची सोयच नव्हती.

तीन घरांतून तीन विरजणं आली. हिनं तीन वाट्या लावल्या आणि सकाळी बाबांपुढे धरल्या.

पहिल्या वाटीतलं बाबांनी जिभेवर ठेवलं, डोळे मिटून कानोसा घेतला. "हे वरच्या मजल्यावरचं."

"कसं ओळखलंत?"

"दारं आपटतंय."

दुसरी वाटी सर्वज्ञांकडची. दोन मिनिटांत बाबांचं पोट गुडगुडायला लागलं. "काढा हे. फार बोलतंय."

तिसरं गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या शिंप्याकडचं. ते तर लागलंच नव्हतं; वाटीत दूध होतं तसं पातळ. बाबांनी नुसतं बघितलं आणि म्हणाले, "हे उद्या या म्हणतंय."

आम्ही हसलो. बाबाही किंचित हसले. मग भिंतीकडे तोंड करून पडले आणि जरा वेळानं भिंतीलाच सांगितल्यासारखं म्हणाले, "माझ्याकडे राहत होते ते माझ्या आईच्या भांड्यातले. आईकडे तिच्या आईच्या भांड्यातले. त्यांचं गणगोत आता एकाच ठिकाणी शिल्लक आहे."

कुठे, ते ते बोलले नाहीत. आम्हालाही विचारायची गरज नव्हती.

(इथं मी आवाज जरा खाली आणतो, सवयीनं. आत्या झोपलेली होती.)

आजी गेली तेव्हा तिचं दह्याचं काळं मातीचं भांडं आणि त्यातलं विरजण आत्यानं नेलं. बाकीच्या वस्तूंवरून कोणी हूं की चूं केलं नाही. पुढे काही महिन्यांनी बाबा तिच्याकडे जेवायला गेले. पंगतीत तिच्या सासरची माणसं होती. बाबांनी दह्याचा घास घेतला आणि भर पंगतीत, कचेरीत निकाल सांगावा तशा आवाजात म्हणाले, "आंबट आहे. आईचं असं नसायचं."

"विरजण आईचंच आहे, दादा," आत्या म्हणाली. "जीभ तुझी बदलली."

बाबा भरल्या ताटावरून उठले. हात धुतले, बूट चढवले आणि मिळेल ती बस पकडून परत आले. त्यानंतर दोघं बोलले नाहीत. सांगण्यासारखं दुसरं कारणही नाही. लोक शेतावरून भांडतात, दागिन्यांवरून भांडतात. आमच्या घराण्यात चव जास्त.

तर त्या आत्याकडून चमचाभर विरजण आणायचं, हा माझा संकल्प.

त्यासाठी रजा हवी. मी पाणीपट्टीच्या कचेरीत होतो आणि तेव्हा वर्षअखेरीचं काम तुंबलं होतं. अर्जात 'घरगुती काम' लिहिलं. साहेबांनी बोलावलं. म्हणाले, घरगुती म्हणजे नेमकं काय? मी म्हणालो, दही आणायचंय. ते म्हणाले, दही कोपऱ्यावर मिळतं, दुपारच्या सुट्टीत आणा. मी म्हणालो, साहेब, हे वेगळं. मग मला वस्ती, भाडेकरू, नोटीस, आजीचं भांडं, सगळं सांगावं लागलं. साहेबांनी शांतपणे ऐकलं, रजेवर सही केली आणि खालच्या आवाजात म्हणाले, "येताना चमचाभर माझ्यासाठी बघा. मलाही जेवलं की छातीशी जळजळतं." मी दालनातून बाहेर पडलो तोवर बातमी माझ्या पुढे गेली होती. तेव्हापासून निवृत्तीपर्यंत त्या कचेरीत मला 'दहीवाले' म्हणत. निरोप समारंभाच्या भाषणातसुद्धा. मी दोन खातेनिहाय परीक्षा पास झालो होतो, पण ते कोणाच्या लक्षात नाही.

आत्याचं गाव बसनं अर्ध्या दिवसावर. मी रात्री मुक्कामाला पोचलो. दार उघडून तिनं मला आपादमस्तक न्याहाळलं. "कोणी पाठवलं?"

"डॉक्टरांनी."

"दादानं नाही?"

"बाबा कोणाचं नाव घेत नाहीत. फक्त म्हणतात, जुने भाडेकरू परत हवेत." आणि मग माझ्या तोंडून निघून गेलं, "आत्या, ते खात नाहीत गं. काहीच खात नाहीत."

तिनं मला जेवायला वाढलं, अंथरूण घालून दिलं. भल्या पहाटे उठून बघतो तर चुलीवर दूध तापत होतं. तिनं ते उतरवलं, खाली ठेवलं, निवू दिलं. करंगळी बुडवून बघत राहिली. चटका बसतो पण बोट काढावंसं वाटत नाही, इतपत झालं की मग काळ्या भांड्यात विरजण फासलं आणि वरून दूध ओतलं.

"चमचाभर डबीत दे ना," मी म्हणालो.

"डबीतलं या उन्हात आंबून जाईल. मग म्हणेल, आंबट आहे. हे वाटेत लागेल. पोचेपर्यंत ताजं, आजच्या आज ताटात. मात्र लागताना हलता कामा नये. हललं की फुटलं. मग चोथापाणी."

भांड्यावर फडकं बांधलं, वर तिची लोकरीची शाल गुंडाळली. मग खिडक्या लावून घेतल्या, मांजर शेजारणीच्या हवाली केलं आणि...

"थांबा," थोरली नात म्हणाली. "खिडक्या का लावल्या? मांजर का दिलं? ती कुठं निघाली होती?"

"पहाटे गार वारा असतो. मध्ये मध्ये बोलू नकोस, दही फुटतं."

हिनं मटारची एक शेंग मोठ्यानं फोडली.

तर बस. मी सवयीनं खिडकीची जागा धरली. भांडं मांडीवर. शेजारी एक अनोळखी, पोक्त बाई येऊन बसली. कंडक्टरनं शालीच्या गाठोड्याकडे बोट दाखवलं. "काय आहे आत? जिवंत प्राणी चालत नाहीत."

आता मी खोटं बोलत नाही ही माझी अडचण. मी म्हणालो, "प्राणी नाहीत, पण जिवंत आहेत. कोट्यवधी."

कंडक्टर दोन पावलं मागे सरला. त्यानं घंटीची दोरी ओढली, बस थांबवली आणि ड्रायव्हरला बोलावलं. ड्रायव्हर आला, चांगली झुपकेदार मिशी, हातात चक्र धरून धरून खांदे पुढे आलेले. मी त्याला सांगितलं की दही लागतंय, वडील आजारी आहेत, हललं तर फुटेल. त्यानं गाठोड्याला हात लावून ऊब बघितली, आपल्या जागेवर गेला आणि त्यानंतर त्यानं जी बस चालवली ती बस नव्हतीच, ती आगगाडीसारखी... नाही, आगगाडी हलते. ढग जातो तशी चालवली. खड्डा आला की तो आधी खड्ड्याशी बोलायचा. एका वळणावर तर पुढचं चाक वळलं आणि मागच्या सीटवरच्या लोकांना ते जेवणाच्या थांब्यावर कळलं.

"आजोबा!" धाकटा ओरडला.

"बरं, जेवणाच्या जरा आधी."

आणि मग नाका आला.

त्या वर्षी गुराढोरांत कसलीशी साथ होती. हुकूम निघाला होता की नाक्यापलीकडे दूध नेऊ नये. दही, लोणी, चीज चालेल. असं का, ते हुकूम काढणाऱ्याला माहीत. नाक्यावरचा साहेब अगदी कोवळा, नवा. गणवेशाच्या घड्यासुद्धा मोडल्या नव्हत्या. त्यानं शाल सोडायला लावली, फडकं उचललं आणि वाकून फुंकर मारली. सायीखाली लाट हलली.

"हे दूध आहे."

"पहाटे दूध होतं," मी म्हणालो. "उन्हं कलेपर्यंत दही असेल."

"आत्ता काय आहे?"

पोरांनो, हा प्रश्न मोठमोठ्या विचारवंतांना सुटलेला नाही. मी म्हणालो, "आत्ता ते वाटेत आहे."

"वाटेतल्यासाठी माझ्याकडे कलम नाही. ओतून टाका."

त्यानं हात पुढे केला. माझ्या डोळ्यांसमोर पलंगाखालचे बूट आले. आणि तेवढ्यात शेजारची ती अनोळखी बाई बोलली. तिचा आवाज असा होता की बाहेर झाडाखाली बांधलेला नाक्याचा कुत्राही उभा राहिला.

"हात मागे घे. तुझी आई घरी दही लावते का रे?"

"लावते," साहेब म्हणाला.

"तिनं विरजण लावलं आणि तू भांडं हलवलंस, तर काय करायची ती?"

साहेबाचा हात आपोआप स्वतःच्या कानाकडे गेला. तो कान त्यानं जरा वेळ धरून ठेवला. "थांबतो," तो म्हणाला. "पण नाही लागलं तर ओतणार."

"लागेल," ती बाई म्हणाली.

मग जे झालं ते कोणाला सांगून पटत नाही. कंडक्टरला वेळापत्रकाची काळजी. तो म्हणाला, ह्यांना इथं उतरवून आपण पुढे जाऊ. ड्रायव्हरनं इंजिनाची चावी काढली आणि खिशात टाकली. "तांबडं फुटल्यापासून मी ही बस अंड्यावरून चालवावी तशी चालवलीय," तो म्हणाला. "लागलेलं बघितल्याशिवाय मी हलत नाही. हा माझ्या हाताचा प्रश्न आहे."

बसमध्ये दोन पक्ष पडले. पुढचे म्हणायचे लागणार, मागचे म्हणायचे नाही लागणार. एका मास्तरांनी दह्यामागचं शास्त्र सांगायला सुरुवात केली तेव्हा दोन्ही पक्षांनी एकजुटीनं त्यांना गप्प केलं. वारा सुटला, तेव्हा कोणी स्वेटर दिला, कोणी मफलर. शेवटी त्या कोवळ्या साहेबानं डोक्यावरची टोपी काढून झाकणावर ठेवली. ऊब राहावी म्हणून. नाक्याचा आडवा दांडा खालीच होता, त्यामागे गाड्यांची रांग वाढत चालली. ट्रकवाले भोंगे वाजवायला लागले, तसा साहेब रांगेच्या बाजूनं दोन्ही हात हलवत धावत सुटला, "भोंगे बंद! दही लागतंय! दही लागतंय!" ट्रकवाले खाली उतरले. त्यांनाही कळलं तसे तेही चवड्यांवर चालायला लागले. इतक्या गाड्या आणि इतकी माणसं, आणि अशी शांतता मी पुन्हा कधी ऐकली नाही. कोणी तान्हं रडायला लागलं तर त्याची आई त्याला घेऊन शेताच्या बांधापर्यंत जात होती.

अखेर ती बाई म्हणाली, "आता बघ."

साहेबानं टोपी उचलली, मफलर, स्वेटर, शाल, फडकं. श्वास रोखून भांडं एका बोटानं कलतं केलं. आणखी कलतं केलं.

हललं नाही. काचेसारखं, पांढरंशुभ्र, जागच्या जागी.

ट्रकवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. ड्रायव्हरनं मिशी पुसली. मिशीच पुसली असं तो नंतर म्हणत होता. साहेबानं खिशातून शिक्का काढला आणि दुसरं काही न सुचून फडक्यावरच उमटवला: तपासले, जाऊ द्यावे. ते फडकं पुष्कळ वर्षं आमच्या घरात होतं. धुऊन धुऊन शिक्का गेला, पण होता.

"आणि ती बाई?" नातीनं विचारलं.

"कोण बाई?"

"शेजारची. ती कुठं उतरली?"

"उतरली असेल कुठंतरी. अनोळखी बायका उतरतातच."

हिनं घसा खाकरला. मी वेग वाढवला.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी भांडं पलंगाजवळ ठेवलं. चमचा भरला, त्यांच्या ओठांशी नेला. त्यांनी तोंड उघडलं, डोळे मिटले. मग म्हणाले, "आंबट आहे." आणि अख्खी वाटी संपवली. दुसऱ्या दिवशी मऊ भाताबरोबर घेतलं. पुढच्या आठवड्यात ते उठले आणि पलंगाखालचे बूट त्यांनी स्वतः ओढून काढले. महिन्याभरात पट्टा पुन्हा पहिल्या भोकावर. डॉक्टर स्वतः वाटी घेऊन विरजण मागायला आले, आमच्या साहेबांची जळजळ थांबली, आणि वरच्या काकूंनी आपलं विरजण ओतून टाकून आमचं लावलं, हे तर तुमच्या आजीनं डोळ्यांनी पाहिलंय. बाबा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. आत्या पुढे आमच्याकडे राहायला कशी आली ती गोष्ट निराळी.

"आणि हे सगळं तुम्ही एकट्यानं केलंत?" धाकट्यानं विचारलं. त्याचे डोळे इतके मोठे झाले होते की मला राहवलं नाही.

"एकट्यानं. भांडं मांडीवर घेऊन, सबंध वाट, डोळा न लवता."

"खोटं!"

आवाज खिडकीकडून आला. झाडाखालचा कुत्रा उठून उभा राहील असा आवाज. आम्ही सगळ्यांनी तिकडे बघितलं. आत्याचे डोळे टक्क उघडे होते आणि कानात यंत्र होतं. दुपारभर होतं.

"या बाळ्याला बस लागते," ती पोरांना म्हणाली. "लहानपणापासून. सगळी वाट खिडकीतून मुंडकं बाहेर काढून बसला होता. नाका आला तेव्हा झाडाखाली कुत्र्याशेजारी आडवा, तोंडावर ओला रुमाल. साहेबाशी कोण बोललं, दही लागलं की नाही, याला बस सुटताना हाक मारली तेव्हा कळलं. भांडं माझ्या मांडीवर होतं."

हिनं मटारचं पातेलं खाली ठेवलं आणि तोंडाला पदर लावला. नात माझ्याकडे बघत होती. मी फ्रिजकडे बघत होतो.

"आणि दादा 'आंबट आहे' म्हणालाच नाही," आत्या म्हणाली.

"मग काय म्हणाले?" नातीनं विचारलं.

आत्यानं खिडकीबाहेर बघितलं. मग शालीची कड चिमटीत धरून सरळ केली, तीच ती शाल, आता जाळीदार झालेली.

"या बाळ्यानं पुढे केलेला चमचा त्यानं बाजूला सारला. मी दारात उभी होते. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, 'बारके, जेवलीस का?' मी म्हटलं, नाही. तू ताटावरून उठून गेलास, तेव्हापासून माझंही अर्धंच राहिलंय. तेव्हा उठून बसला आणि म्हणाला, वाढा दोघांना."

मग माझ्याकडे बोट रोखून म्हणाली,

"आणि दही आंबट मुळीच नव्हतं."